सात वाटा, एकच चर : बहुस्तरीय ऑप्टिकल जाळ्यांतील वाहतूक-नियोजन आणि तग धरण्याची क्षमता – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

आजचे दूरसंचार जाळे एकावर एक रचलेल्या अनेक स्तरांचे असते. सर्वांत खाली जमिनीतील चर व समुद्रतळावरील केबल, त्यावर प्रकाशाच्या तरंगलांबी, त्यावर प्रेषणाची शिस्त आणि सर्वांत वर इंटरनेटचे मार्ग अशी ही रचना आहे. वरच्या स्तरावर अनेक स्वतंत्र वाटा दिसत असल्या तरी खालच्या स्तरावर त्या एकाच चरातून जात असू शकतात. प्रस्तुत शोधनिबंधात १८५० च्या दशकातील तारायंत्रापासून २०२५ पर्यंतच्या निवडक घटनांच्या आधारे या विसंगतीचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. जाळ्याची तग धरण्याची क्षमता वाटांच्या संख्येपेक्षा त्या वाटा खाली कोठे एकत्र येतात याच्या माहितीवर अधिक अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : ऑप्टिकल फायबर, बहुस्तरीय जाळे, वाहतूक-नियोजन, सामाईक जोखीम, समुद्री केबल, तारायंत्र.

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी विद्यापीठीय परीक्षेच्या एका सकाळी प्रस्तुत लेखक परीक्षा विभागात संगणकासमोर बसला होता. प्रश्नपत्रिका विद्यापीठाकडून इंटरनेटद्वारे येणार होती. अशा वेळी खोळंबा होऊ नये म्हणून महाविद्यालयाने दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या होत्या आणि दोन्हींचे शुल्क नियमित भरले जात होते. परीक्षेला अर्धा तास उरला असताना दोन्ही जोडण्या एकाच क्षणी बंद पडल्या. चौकशीअंती कळले की, प्रवेशद्वारापासून थोड्या अंतरावर गटाराचे काम सुरू होते आणि तेथे जेसीबीच्या एकाच फटक्यात दोन्ही कंपन्यांच्या केबल तुटल्या होत्या. दोन्ही केबल एकाच चरातून येत होत्या. ही गोष्ट महाविद्यालयाला ठाऊक नव्हती. विशेष म्हणजे दोन्ही कंपन्यांच्या स्थानिक कर्मचाऱ्यांनाही दुसऱ्याची केबल आपल्याशेजारी आहे याची कल्पना नव्हती. त्या दिवशी मुलांना पाऊण तास ताटकळत बसावे लागले.

घटना किरकोळ आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तीत एक जुना प्रश्न दिसतो. पेशवेकालीन पत्रव्यवहारात ‘जासूद जोडी’चे उल्लेख वारंवार येतात. एक जासूद आजारी पडला किंवा जायबंदी झाला तर दुसऱ्याने थैली पुढे न्यावी, हा जोडीचा उघड लाभ होता. मात्र दोघे एकाच वाटेने जात असतील आणि ती वाटच शत्रूने अडवली असेल, तर जोडीचा काही उपयोग नव्हता. जोडी असणे आणि दुसरी वाट असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आधुनिक ऑप्टिकल जाळ्यांच्या तग धरण्याच्या क्षमतेचा संपूर्ण इतिहास हा या भेदाच्या शोधाचा, विस्मरणाचा आणि पुनःशोधाचा इतिहास आहे.

उद्दिष्टे आणि अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची तीन उद्दिष्टे आहेत. १) संदेशवहनाच्या जाळ्यांत पर्यायी मार्गाची कल्पना कशी विकसित झाली हे पाहणे. २) बहुस्तरीय रचनेमुळे वाहतूक-नियोजनापुढे कोणते प्रश्न उभे राहिले याचा आढावा घेणे. ३) भारताच्या, विशेषतः मुंबईच्या, संदर्भात या इतिहासाचा अर्थ लावणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तांत्रिक संज्ञांचे विवेचन विषयाच्या आकलनापुरते केले आहे.

१. तारायंत्राचे युग : मुंबईहून लंडनकडे

भारतात विल्यम ओशॉनेसी याने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारायंत्राचे प्रयोग केले. १८५३ च्या अखेरीस मोठ्या मार्गांची उभारणी सुरू झाली आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये ही सेवा सर्वसामान्यांना खुली करण्यात आली. अवघ्या दोन वर्षांत १८५७ चा उठाव झाला. उठावकऱ्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने तार जितकी उपयुक्त, तितकीच ती नाजूक आहे, हा धडा या घटनांनी दिला.

इंग्लंडशी थेट संपर्काची निकड त्यामुळे वाढली. १८५९-६० मध्ये सुएझ, एडन आणि कराची यांना जोडणारी समुद्री केबल टाकण्यात आली, पण ती लवकरच निकामी झाली. १८६४ मध्ये इराणच्या आखातातून केबल टाकण्यात आली आणि १८६५ पासून तुर्कस्तानच्या भूमीवरून भारत युरोपशी जोडला गेला. १८७० मध्ये दोन नवे मार्ग खुले झाले. सीमेन्स बंधूंनी उभारलेला एक मार्ग लंडनहून प्रशिया, रशिया यांमधून तेहरानपर्यंत जमिनीवरून जात होता. दुसरा मार्ग संपूर्णतः ब्रिटिश कंपन्यांच्या समुद्री केबलचा होता. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने फेब्रुवारी १८७० मध्ये मुंबईहून एडनच्या दिशेने केबल टाकण्यास प्रारंभ केला आणि जून १८७० मध्ये सुएझ, अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर या टप्प्यांनी मुंबई इंग्लंडमधील पोर्थकर्नो या किनारी गावाशी जोडली गेली.

नकाशावर पाहता १८७० मध्ये भारतापाशी लंडनला जाणाऱ्या तीन वाटा होत्या. परंतु बारकाईने पाहिले असता वेगळे चित्र दिसते. तुर्कस्तानचा मार्ग आणि इराणचा मार्ग हे दोन्ही बुशहर येथे येऊन मिळत आणि तेथून कराचीपर्यंतचा प्रवास एकाच सरकारी खात्याच्या आखाती तारांवरून होई. म्हणजे आखातात व्यत्यय आल्यास तीनपैकी दोन वाटा एकदमच संकटात येणार होत्या. नावाने, मालकीने आणि दरपत्रकाने वेगळ्या असलेल्या दोन सेवा खाली एकाच आधारावर उभ्या होत्या. आज ज्याला ‘सामाईक जोखीम’ म्हटले जाते, तिचे हे आरंभीचे उदाहरण मानावे लागेल.

साम्राज्याच्या धुरिणांना हा प्रश्न राजकीय स्वरूपात उमगला होता. परक्या भूमीचा स्पर्श टाळून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा केबलमार्ग त्यांनी ३१ ऑक्टोबर १९०२ रोजी पूर्ण केला. पहिल्या महायुद्धात त्याची कसोटी लागली. ५ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटिशांनी जर्मनीच्या समुद्री केबल इंग्लिश खाडीत तोडल्या. त्याच वर्षी जर्मनांनी पॅसिफिकमधील फॅनिंग बेटावर आणि हिंदी महासागरातील कोकोस बेटांवर ब्रिटिश केबल तोडल्या. ब्रिटिशांचे दळणवळण पर्यायी मार्गांमुळे चालू राहिले. जर्मनी मात्र जगापासून बऱ्याच अंशी तुटली. दोन्ही देशांच्या केबल तुटल्या, परंतु एकाच देशापाशी खऱ्या अर्थाने निराळ्या वाटा होत्या.

२. पर्यायी मार्गाचे गणित

विसाव्या शतकात हा प्रश्न सेनापतींकडून गणितज्ञांकडे आला. डेन्मार्कचा ए. के. एर्लांग याने १९०९ मध्ये दूरध्वनीवरील संभाषणांना संभाव्यतेचा सिद्धांत लावला. १९१७ मध्ये, किती लाईन असल्या म्हणजे किती ग्राहकांना नकार ऐकावा लागेल, याचे सूत्र त्याने मांडले. वाहतूक-नियोजनाची ही पायाभरणी होय. लाईन कमी असतील तर ग्राहक खोळंबतो. अधिक असतील तर भांडवल पडून राहते. या दोहोंमधील तोल साधणे हेच नियोजकाचे काम.

१९६४ मध्ये अमेरिकेतील रँड संस्थेच्या पॉल बॅरन यांनी अहवालांची एक मालिका प्रसिद्ध केली. अणुहल्ल्यानंतरही कोणते जाळे टिकेल, हा त्यांचा प्रश्न होता. एका केंद्राभोवती बांधलेले जाळे केंद्र नष्ट होताच कोसळते. मासेमारीच्या जाळ्यासारखे विणलेले जाळे मात्र बरेच गमावूनही उरते. किमान आवश्यक दुव्यांच्या सुमारे तीन-चार पट दुवे असले तर जाळे विलक्षण चिवट होते, असे त्यांनी दाखवले. हा विचार क्रांतिकारक होता. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले होते. एक दुवा तुटण्याचा दुसरा दुवा तुटण्याशी संबंध नाही, असे त्या गणितात धरलेले होते. कागदावर दोन रेषा वेगळ्या काढल्या की त्या वेगळ्याच असतात. जमिनीत तसे असेलच याची खात्री देता येत नाही.

३. १२ डिसेंबर १९८६

आर्पानेट हे १९६९ मध्ये सुरू झालेले, इंटरनेटचे पूर्वज मानले जाणारे जाळे. त्यात अमेरिकेचा न्यू इंग्लंड हा ईशान्येकडील प्रदेश उर्वरित जाळ्याशी सात लाईनींनी जोडलेला होता. एक तुटली तर सहा उरतील असा भरवसा होता. १२ डिसेंबर १९८६ रोजी नेवार्क आणि व्हाइट प्लेन्स यांच्या दरम्यान एक फायबर केबल तुटली आणि सातही लाईन एकदम बंद झाल्या. त्या सातही लाईन त्या एकाच केबलमधून जात होत्या.

या घटनेचे महत्त्व प्रतीकात्मक नाही. ते कारणमीमांसेत आहे. तांब्याच्या तारांच्या काळात सात लाईनींना बरीच जागा लागत असे. फायबरने ती अडचण दूर केली. एका केशतुल्य काचतंतूत हजारो संभाषणे मावू लागल्यावर दूरध्वनी कंपनीला सर्व वाहतूक मोठ्या क्षमतेच्या एकाच केबलवर आणणे स्वस्त पडू लागले. जाळे चालवणाऱ्यांनी सात लाईन भाड्याने घेतल्या. त्या कोठून न्यायच्या हे कंपनीने ठरवले. हेतू कोणाचाही वाईट नव्हता. काटकसर खालच्या स्तरावर झाली आणि तिची वार्ता वरच्या स्तरापर्यंत पोहोचली नाही.

४. काचतंतूचा उदय आणि कड्याची रचना

काचतंतूतून प्रकाश वाहून नेण्याच्या अभ्यासात भारतीय वंशाचे नरिंदर सिंग कपानी यांचा १९५४ चा शोधनिबंध आरंभीचा टप्पा ठरतो. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी शुद्ध काच मिळाल्यास प्रकाश लांब अंतर कापू शकेल असे प्रतिपादन केले. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी तसा तंतू प्रत्यक्षात आणला. डिसेंबर १९८८ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली फायबर केबल सुरू झाली. तिची क्षमता एकाच वेळी सुमारे ४०,००० संभाषणांची होती. १९८७ च्या सुमारास एर्बियम मूलद्रव्य वापरून प्रकाशाचेच वर्धन करण्याचे तंत्र सिद्ध झाले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून एकाच तंतूतून निरनिराळ्या तरंगलांबींचे अनेक प्रकाशमार्ग नेता येऊ लागले. एका तंतूची किंमत जशी वाढली, तशी तो तुटण्याची किंमतही वाढली.

यावर अभियंत्यांचे उत्तर ‘कडे’ हे होते. १९८८ मध्ये प्रेषणाची जी आंतरराष्ट्रीय मानके संमत झाली, ती एसडीएच या नावाने ओळखली जातात. त्यांत केंद्रांना वर्तुळाकार जोडण्याची पद्धत रूढ झाली. कडे एका ठिकाणी तुटले की वाहतूक उलट दिशेने फिरते आणि हा बदल सुमारे ५० मिलिसेकंदांत होतो. दूरध्वनीवर बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. या सुरक्षेची किंमत म्हणजे कड्याची जवळपास निम्मी क्षमता राखीव ठेवावी लागे. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ती ‘वाया’ जाणारी क्षमता होती. आपल्याकडे वाड्यातील आडाला बारमाही पाणी असले तरी एक हौद भरून ठेवण्याची रीत होती. त्या हौदाला कोणी वाया गेलेले पाणी म्हणत नसे.

५. स्तरांमधील विसंवाद आणि त्यावरील उपाय

एकाच जाळ्यात अनेक स्तर आले आणि प्रत्येकाची स्वतःची दुरुस्ती-यंत्रणा असली की नवा प्रश्न निर्माण होतो. खाली तंतू तुटला की खालचा स्तर ५० मिलिसेकंदांत वाट बदलतो. त्याच वेळी वरच्या स्तरालाही बिघाड जाणवतो आणि तोही आपली वाट बदलू लागतो. दोघांनी एकाच वेळी सुरू केलेली दुरुस्ती परस्परांना मारक ठरू शकते. यासाठी वरच्या स्तराने ठरावीक काळ थांबावे, खालच्याला संधी द्यावी आणि त्याला अपयश आले तरच आपण हालचाल करावी, अशी योजना रूढ झाली.

दुरुस्तीच बिघाडाचे कारण ठरू शकते हे १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत दिसले होते. एटी अँड टी कंपनीच्या न्यूयॉर्क येथील एका विनिमय केंद्रात किरकोळ दोष आला. केंद्र सावरले आणि त्याने शेजारच्या केंद्रांना तसे कळवले. नव्या संगणकीय आज्ञावलीतील चुकीमुळे तो संदेश मिळताच शेजारची केंद्रे बंद पडू लागली. तीही सावरून पुढच्यांना कळवू लागली. देशभरातील ११४ केंद्रे या फेऱ्यात सापडली आणि सेवा सुमारे नऊ तास विस्कळीत राहिली. कोठेही तार तुटलेली नव्हती.

वाहतूक-नियोजनाचा प्रश्न इंटरनेटच्या स्तरावर वेगळ्या रूपात पुढे आला. १९८९ पासून प्रचारात आलेल्या ओएसपीएफ सारख्या पद्धतीत प्रत्येक मार्गक सर्वांत कमी खर्चाची वाट निवडतो. परिणामी सर्व वाहतूक जवळच्या वाटेवर लोटते आणि दूरची वाट रिकामी राहते. घाटातला जुना रस्ता मोकळा असताना सगळ्यांनी द्रुतगती मार्गावरच कोंडी करावी, तसा हा प्रकार. १९९९ मध्ये यासाठीच्या गरजांचा मसुदा निश्चित झाला आणि २००१ मध्ये एमपीएलएस या पद्धतीची रचना प्रमाणित झाली. माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर चिठ्ठी लावून त्याला नियोजकाने ठरवलेल्या वाटेनेच नेण्याची सोय तीत होती. २००४ मध्ये हीच कल्पना प्रकाशमार्गांपर्यंत विस्तारण्यात आली, तर बिघाड होताच आधीच आखलेल्या पर्यायी वाटेवर तत्काळ वळण्याची पद्धत २००५ मध्ये प्रमाणित झाली.

येथे वाहतूक-नियोजन आणि तग धरण्याची क्षमता हे दोन विषय एकत्र येतात. समान क्षमतेच्या दोन वाटांवर प्रत्येकी ४० टक्के भार असेल, तर एक तुटल्यावर दुसरीवर ८० टक्के भार येतो आणि काम चालते. प्रत्येकी ६० टक्के असेल, तर उरलेल्या वाटेवर १२० टक्के भार येतो. मग वाट शाबूत असूनही सेवा कोलमडते. पर्यायी मार्ग असणे पुरेसे नाही. त्यावर जागा शिल्लक असावी लागते.

हे मार्ग खरोखर वेगळे आहेत काय, हा मूळ प्रश्न मात्र शिल्लकच होता. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. इंटरनेटच्या नकाशावर मुंबई–नागपूर असा एक थेट दुवा आहे आणि मुंबई–पुणे–नागपूर असा दुसरा. थेट दुव्याचा प्रकाशमार्ग प्रत्यक्षात पुण्यावरूनच नेला असेल, तर मुंबई–पुणे चर खणला जाताच दोन्ही वाटा जातात. यावर उपाय म्हणून एकाच चराने, पुलाने वा बोगद्याने जाणाऱ्या दुव्यांना एक सामाईक क्रमांक देण्याची पद्धत आली. पर्यायी वाट शोधताना तोच क्रमांक असलेला दुवा टाळायचा, हा नियम. २००२ मध्ये मोडियानो आणि नरुला-टॅम यांनी यामागील अट नेमकेपणे मांडली. जाळ्याचे दोन तुकडे करण्यासाठी वरचे जे दुवे तोडावे लागतील, ते सर्व दुवे खालच्या कोणत्याही एकाच तंतूवर असता कामा नयेत. वाचायला ही अट सोपी आहे. परंतु मोठ्या जाळ्यात ती पाळणारी मांडणी शोधणे गणनेच्या दृष्टीने अत्यंत कठीण असल्याचे त्यांनीच सिद्ध केले. त्याहूनही मोठी अडचण माहितीची आहे. खालचा क्रमांक कोणी प्रामाणिकपणे नोंदवलाच नाही, तर उत्तम गणितही व्यर्थ जाते.

६. भूगोलाचा आग्रह

१८ जुलै २००१ रोजी बाल्टिमोर शहराखालील हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली. त्या बोगद्यातून जाणारे फायबर जळाले आणि इंटरनेटची वाहतूक अनेक ठिकाणी मंदावली. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे तंतू त्या एकाच बोगद्यात होते. याचे कारण इतिहासात आहे. नव्याने जमीन मिळवण्यापेक्षा रेल्वेच्या कडेची जमीन मिळवणे सोपे असते. एकोणिसाव्या शतकात तारांचे खांब लोहमार्गाच्या कडेने गेले, विसाव्या शतकात फायबर त्याच वाटेने गेले. आपल्याकडेही २००० मध्ये स्थापन झालेल्या रेलटेल या सार्वजनिक कंपनीचे फायबर लोहमार्गालगतच टाकलेले आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या फायबरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नकाशावर आणलेल्या ५४२ नळमार्गांपैकी सुमारे ९० टक्के मार्ग किमान दोन, ६३ टक्के किमान तीन आणि निम्म्याहून अधिक मार्ग किमान चार कंपन्या सामाईकपणे वापरत असल्याचे आढळले.

समुद्रातही हेच घडले. १९९७ मध्ये सुरू झालेली ‘फ्लॅग’ ही केबल मुंबईत उतरते आणि इंग्लंडमध्ये पोर्थकर्नो येथेच पोहोचते. १८७० च्या केबलची दोन्ही टोके सव्वाशे वर्षांनी पुन्हा जोडली गेली आणि वाटही तीच राहिली : अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ ‘फ्लॅग’ आणि २००५ मध्ये सुरू झालेली ‘सी-मी-वी ४’ या दोन्ही केबल तुटल्या. भारतासह अनेक देशांतील इंटरनेट मंदावले. भारतीय कंपन्यांनी आपली वाहतूक उलट दिशेने, पूर्वेकडील व पॅसिफिकमार्गे जाणाऱ्या केबलवर वळवली. वाट लांबली, पण संपर्क टिकला. त्याच वर्षी डिसेंबरात भूमध्य समुद्रात पुन्हा तीन केबल एकदम तुटल्या.

हा आग्रह अद्याप ओसरलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात अनेक केबल निकामी झाल्या; हल्ल्यात सापडलेल्या ‘रुबीमार’ जहाजाचा फरफटत गेलेला नांगर हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ ‘सी-मी-वी ४’ आणि ‘आयएमईडब्ल्यूई’ या केबल तुटल्या आणि भारतासह पश्चिम आशियात त्याचा परिणाम जाणवला. केबलची संख्या वाढत गेली; अरुंद वाट मात्र तीच राहिली.

७. भारत आणि मुंबई

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या जून २०२३ मधील शिफारशींनुसार देशात १७ आंतरराष्ट्रीय समुद्री केबल होत्या आणि त्या मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरीन व त्रिवेंद्रम या पाच ठिकाणच्या १४ केंद्रांत उतरत होत्या. मुंबईत त्यांपैकी बऱ्याच केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. ज्या किनाऱ्यावर कोळी बांधवांच्या होड्या उभ्या असतात, त्याच वाळूखालून देशाचे बँकव्यवहार, व्यापार आणि अध्यापन जगाशी जोडलेले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा वीज गेली आणि दूरध्वनी व मोबाइल सेवाही ठिकठिकाणी कोलमडली. केबलच्याही खाली आणखी एक स्तर असतो, तो विजेचा. हे मुंबईकरांनी त्या दिवशी अनुभवले.

या पार्श्वभूमीवर एका उपक्रमाची नोंद घेणे आवश्यक आहे. मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे उपयोजन सुरू केले. खोदकाम करणाऱ्याने आधी कळवावे आणि जमिनीखाली ज्यांची मालमत्ता आहे त्यांना त्याची सूचना मिळावी, अशी ही व्यवस्था आहे. तंत्रदृष्ट्या ती साधी आहे. ऐतिहासिक दृष्टीने पाहता मात्र १८७० चे बुशहर, १९८६ चे नेवार्क आणि आपल्या दारातील गटाराचे काम या सर्वांमध्ये ज्या गोष्टीचा अभाव होता, नेमकी तीच देण्याचा हा प्रयत्न आहे : खाली काय आहे याची सामाईक माहिती.

निष्कर्ष

१. पर्यायी मार्ग आणि स्वतंत्र मार्ग यांतील भेद तारायंत्राच्या काळापासून अस्तित्वात आहे. बहुस्तरीय ऑप्टिकल रचनेने तो अधिक खोल व अधिक अदृश्य केला.

२. क्षमता जितकी स्वस्त झाली तितके तंतू एकत्र आणण्याचा मोह वाढला. त्यामुळे तांत्रिक प्रगती आणि नाजूकपणा या दोन्ही बाबी एकाच कारणातून वाढल्याचे दिसते.

३. राखीव क्षमता हा अपव्यय नसून विमा आहे. ती नसेल तर पर्यायी मार्ग नाममात्र ठरतो.

४. प्रत्येक स्तराची दुरुस्ती-यंत्रणा उत्तम असणे पुरेसे नाही. कोणी आधी हालचाल करावी आणि कोणी थांबावे याची शिस्त आवश्यक आहे.

५. सामाईक जोखीम शोधण्यातील मुख्य अडथळा गणिताइतकाच संस्थात्मक आहे. स्पर्धक कंपन्या, भाडेकरू व मालक, नगरपालिका व कंत्राटदार यांच्यामध्ये माहिती वाहत नाही.

समारोप

दिव्याखाली अंधार असतो असे आपण म्हणतो. प्रकाशाच्या जाळ्याबाबत ही म्हण अक्षरशः खरी ठरते; कारण ज्या चरातून हा प्रकाश वाहतो, त्याची नोंद बहुधा कोणाकडेच पूर्ण नसते. बॅरन यांनी दाखवलेले चिवट जाळे कागदावर अजूनही अभेद्य आहे. ते जमिनीवर उतरवताना मात्र प्रत्येक पिढीला तोच धडा नव्याने शिकावा लागला आहे. महाविद्यालये, रुग्णालये, सहकारी बँका यांसारख्या संस्थांनी दुसरी जोडणी घेताना दर आणि वेग यांबरोबर ‘आपली केबल कोणत्या रस्त्याने येते’ हा प्रश्न लेखी विचारणे, हा या इतिहासाचा अगदी व्यावहारिक उपयोग आहे.

आमच्या महाविद्यालयाने त्या परीक्षेनंतर हा प्रश्न दोन्ही कंपन्यांना विचारला. एका कंपनीने उत्तर दिले नाही. दुसरीने महिन्याभराने एक हाताने काढलेला नकाशा पाठवला आणि त्यानुसार एक केबल मागील दाराने, वेगळ्या रस्त्याने फिरवून घेण्यात आली. तो नकाशा परीक्षा विभागाच्या भिंतीवर लावलेला आहे.